दोनशे शब्दांत

फॉर्मवर एक चौकोन आहे:
‘या अनुभवातून तुम्ही काय शिकलात?’
दोनशे शब्दांत. नोंदणीचं नूतनीकरण मार्चात.

हडर्सफील्डच्या केमो युनिटमध्ये
सात नंबरच्या खुर्चीत, दर गुरुवारी, मिस्टर डायसन.
त्यांच्या शिरा लाजऱ्या,
सुई दिसली की घरात पळणाऱ्या.
मी कोमट पाण्याचं भांडं आणायचे.
हात बुडवून ते मला शर्यतीचा निकाल सांगायचे,
कुठलं कबुतर फ्रान्सहून वेळेत परतलं,
कुठलं अजून वाटेतच.

जांभळे हातमोजे, दोन नर्सच्या सह्या,
थेंबांचा हिशेब,
हे तर मी मिरजेहूनच शिकून आले होते.

यादीत त्यांचं नाव नव्हतं त्या गुरुवारी.
यादी वाचली होती मी, दोनदा.
तरी पाणी कोमट करून आणलं
आणि सात नंबरपाशी उभी राहिले.
ब्रोना म्हणाली, “दे इकडे.”
भांडं ट्रॉलीवर ठेवलं,
माझेच हात धरून त्यात बुडवले.
मागे कुणाचा तरी पंप वाजत होता,
वाजू दिला तिनं, अर्धा मिनिट.

सुपरव्हिजनच्या खोलीत टिश्यूचा डबा असतो.
तिथं मला कधी रडू आलं नाही.

चौकोनात आत्तापर्यंत एवढंच लिहिलंय:
‘शिरा वर येण्यासाठी उष्णता उपयुक्त.’
एकशे पंच्याण्णव शब्द शिल्लक.

त्यांच्या कबुतरांना आता
दाणे कोण टाकतं?