अंगठे

मोशीच्या पुढे, कचरा डेपोचा वास जिथं वाऱ्याप्रमाणे येतो-जातो,
तिथं एक बंद पडलेली खडीची खाण आहे.
दर गुरुवारी आम्ही तिथं ड्रोन पाडायला जातो.
कागदावर त्याला म्हणतात
'आणीबाणीत बंद, हवेत पुन्हा चालू, चाचणी सतरा'.

आज रिमोट ओव्हाळच्या हातात.
फेब्रुवारीत चाकणला त्याचे दोन्ही अंगठे
खाली आणि आत गेले, सवयीनं,
जुन्या रिमोटवर तसं काही होत नसे म्हणे,
आणि साडेचार किलोचं यंत्र
फरसाणवाल्याच्या टेंपोचा पत्रा फोडून आत.
कुणाला लागलं नाही. शेव तेवढी गेली.
तेव्हापासून तो बॅटऱ्या चार्ज करतो,
आकडे लिहितो, चहा सांगतो,
बाकी वेळ हात खिशात.

"एकशेवीस," मी म्हणते.
वर ठिपका. चार मोटारींचा एकच सूर.
पप्पांच्या वाइंडिंगच्या दुकानात, भोसरीला,
मी डोळे मिटून सांगायचे
कुठल्या पंपाचं बेअरिंग चाललंय.
"कर बंद."

सूर तुटतो
आणि इतका वेळ दबलेलं सगळं ऐकू येतं.
तळातल्या हिरव्या पाण्यावर टिटवी,
हायवेला मागे येणाऱ्या कंटेनरची पिपाणी,
शेळीच्या गळ्यातली घंटा,
ओव्हाळचा श्वास, सर्दी झाल्यासारखा.

एक.
ठिपका जागेवरच वाटतो.
दोन.
नाही, जागेवर नाही.

या मोटारीला डोळे नसतात.
चालू व्हायचं तर आधी कळावं लागतं
आतलं चुंबक कुठं आहे.
जमिनीवर ती चाचपडते,
जरा इकडे, जरा तिकडे, एक गचका, मग पकडते.
पडताना एवढी सवड कुठली.
पण पडताना खालून वारा लागतो,
पाती फिरतात, उलटी का होईना,
आणि फिरणारी मोटार चिमूटभर वीज करते,
तिच्यानं मुंगीसुद्धा दचकणार नाही.
तेवढ्यावरून यंत्राला पत्ता लागतो
आपण कुठं आहोत, किती वेगात, कुठल्या अंगानं.
शाहीननं सहा महिने एवढंच लिहिलं.
तिच्या वहीत पहिल्या पानावर आहे:
'आधी ऐक. मग जोर लाव.'

तीन.
"आता," मी म्हणते. "अंगठे."
अंगठे हलत नाहीत.

माझ्या गळ्यात दुसरा रिमोट आहे.
नियमाप्रमाणे मी एव्हाना ताबा घ्यायला हवा.
ठिपक्याला हात फुटलेत, चार,
पोटाखालचा कॅमेरा दिसतो,
त्याच्या काचेत ऊन लखकन वळतं.
मी ताबा घेत नाही.
का, ते रिपोर्टात लिहिता येणार नाही.

खाली आणि आत.
तीच चाकणची हालचाल, तसूभर फरक नाही.

आधी कुणी घसा खाकरावा तसं.
मग तीन मोटारी.
मग, बऱ्याच उशिरानं, चौथी.

अकरा मीटर.
खाणीतली धूळ उठून आमच्या दातांत.
टाळ्या वगैरे नाहीत. ओव्हाळ म्हणतो,
"डावी मागची कण्हतेय."
खरंच कण्हत होती. मला ऐकूच आलं नव्हतं.

शेळ्यांमागून हौसाबाई आल्या.
"पडला न्हाई व्हय आज?"
"नाही."
"मागल्या बारीचं झाकण हाय माझ्याकडं.
करडांना पाणी पाजती त्यात. बरं हाय.
अजून एक मिळालं असतं तर..."
आणि माघारी वळल्या, जरा नाराज.

परतताना स्कूटर त्यानं घेतली, मी मागे.
स्पाइन रोडच्या सिग्नलला नव्वद.
त्यानं गाडी बंद केली.
तेरा उरले तेव्हापासूनच मागून हॉर्न,
एक रिक्षावाला आमच्या आई-बापांपर्यंत पोचलेला.
ओव्हाळचा अंगठा बटणावर,
दाबत नाही.
मी काही बोलत नाही.
पाच.
चार.