पायरी

सात वर्षं ज्या पायरीवर
एल्स्पेथने पाय ठेवला नव्हता
तिथे काल तिने पाय ठेवला,
सफरचंदाचा, कडेला जरा करपलेला,
वर फडकं. दार न वाजवताच परत.

व्हरमाँटचा फेब्रुवारी. कुंपणाचा जुना तंटा.
ऑर्विल टफ्ट्सचा बर्फ काढायचा ट्रॅक्टर
बरोबर तिच्या फाटकाशी येऊन वळायचा,
जणू पुढे जगच नाही.

रात्रभर पडत राहिलं.
सकाळी पाहते तर वाट मोकळी
थेट लाकडांच्या ढिगापर्यंत,
आणि टपालपेटीवर तिचीच थाळी,
घासूनपुसून. आत चिठ्ठी, पेन्सिलीने:
‘दालचिनी कमी पडली.’

ती हसली नाही.
पीठ काढलं,
लोणी खिडकीबाहेर ठेवलं गारठायला.
दालचिनी मात्र
मुद्दाम तेवढीच.