कोंडा

गिरणी गावात मीच आणली,
नावेतून, नाम ऊ नदीच्या धारेविरुद्ध,
चौघांनी धरून.
त्याआधी बायका पहाटे उखळात भात कांडायच्या,
तांदूळ तांबूस राहायचा, जरा मळकट.
माझा तांदूळ दुधाच्या दातासारखा.
लोक ओंजळीत घ्यायचे, उगाच हसायचे.
कोंडा डुकरांना.

बुआवान बाळंत झाली.
रीतीप्रमाणे महिनाभर विस्तवाशेजारी निजली.
चिकट भात, मीठ, भाजलेलं आलं.
मासा नको, शेंग नको, पाला नको,
दूध बाधेल, तिची आई म्हणाली.
दूध तर उतू जात होतं,
पोलक्यावर ओल, चटईवर ओल.

तिच्या पायांना मुंग्या यायच्या.
एकदा निखारा उडून पावलावर पडला
तो तिला वासावरून कळला.
आम्ही हसलो होतो त्या दिवशी.

पहिला ऐंशी दिवसांचा होऊन गेला.
नावसुद्धा नीट ठेवलं नव्हतं.
शेवटचे दोन दिवस तो रडत होता:
तोंड उघडं, मुठी आवळलेल्या,
कपाळावर शीर तट्ट फुगलेली,
आणि आवाज नाही.
खाली, घराच्या खांबांमध्ये,
डुकराची पिल्लं मात्र गळा काढून ओरडत होती.

दुसरा इनपेंग.
अडीच महिन्यांचा झाला आणि तसाच मुका रडू लागला.
मी गिरणी चालू ठेवूनच नावेकडे धावलो.

दवाखान्यात नर्स चिट्टाफोन
त्याच्या उघड्या तोंडाकडे बघत राहिली, मग विचारलं,
आई काय खाते?
पांढरा भात, मी म्हणालो. आमच्याच गिरणीचा.
छाती पुढे काढून म्हणालो.
ती काही बोलली नाही.
एक सुई त्याच्या मांडीत,
एक बुआवानच्या दंडात.
दूध तुझंच पाज, म्हणाली तिला,
फक्त आता तूही जेव.

रात्री व्हरांड्यात बसलो होतो
मनगटावरचे मंतरलेले दोरे मोजत.
सात, की आठ.
कुणाचं तरी पोर किंचाळायला लागलं.
एवढा राग आला मला त्याचा,
कुणाचं कार्टं आहे हे, निजू देईना,
तेवढ्यात आतून बुआवानने
मला नावाने हाक मारली.

आता दगड सैल ठेवतो, तांदूळ एकदाच फिरवतो.
गिऱ्हाईक कुरकुरतं, मळका येतो म्हणतं.
डुकरं रोडावलीत.
इनपेंग दिवसभर बोंबलतो, शेजारी वैतागलेत.

पहिल्याचं नाव अजून ठरत नाही.
कधी पट्टा थांबला, गिरणी गप्प झाली
की एखादं म्हणून बघतो,
मोठ्याने.