अंगुस्तान

महापालिकेनं मला यंत्र दिलंय
डांबराखालचे व्हॉल्व्ह शोधायला.
थरावर थर चढत गेले, झाकणं खाली राहिली,
आणि ज्यांना जागा तोंडपाठ होत्या
ते फिटर एकेक करून रिटायर झाले.
म्हणून मी फिरतो, कानावर हेडफोन,
हातात थाळी लावलेली काठी.
पोरं विचारतात, "काका, सोनं हाय काय खाली?"
"पाणी हाय," मी म्हणतो. "ते गावलं तरी बास."

उत्तरेश्वर पेठेत, गळतीच्या खड्ड्याशेजारी
लोखंडाचा घोगरा आवाज येईना.
बारीक आवाज आला,
वाटीला चमचा लागावा तसा.
लोखंड असं बोलत नाही.

वीतभर खाली, कुठल्यातरी पुराच्या गाळात
बोराएवढं काळं काहीतरी.
आत माती गच्च.

टपरीवर पंचायत बसली.
लोळी गळालेली घंटी, एक म्हणाला.
अत्तराच्या कुपीचं बूच.
काठीचं टोपण.
भातुकलीतला पेला.
खड्डा खणणारा दादू एवढंच म्हणाला,
"इकून वाटून घेऊ."

गुजरीत इरफान झारेकरी बसतो,
सोनारांच्या दारातली धूळ धुऊन
तिच्यातलं सोनं काढणाऱ्यांच्या घरातला.
त्यानं तळहातावर दोनदा उडवलं.
"चांदी. तांबं जरा जास्तच."
भाव सांगितला. दादूचा चेहरा पडला.
मी चिंच मागितली घासायला.
"घासू नगो," तो म्हणाला,
"काळं जातंय, पर त्याच्यासंगं खुणा बी जात्यात."
नुसतं पाण्यात धरलं.
ठिपके दिसू लागले,
ओळीनं, गोल गोल वर चढत गेलेले.

पापाची तिकटीला, जिन्याखालच्या खणात
अनुसया हावळ ब्लाउजांना हुक लावतात.
त्यांनी आधी बघितलंच नाही.
बोटात घातलं, मग चष्मा शोधला.
"अंगुस्तान."

मग सुईत दोरा ओवता ओवता, तुटक तुटक:
शिंप्याचं वरनं उघडं असतं, पितळेचं.
हे बंद टोपीचं, घरात शिवणाऱ्या बाईचं.
विकत घेतलेलं नसणार, कुणीतरी दिलेलं.
चांदी मऊ, जाड कापडावर रेटली तर
सुई आरपार शिरते.
असली वस्तू पेटीत राहते, फडक्यात.

हे राहिलेलं नाही.
टोकाला भोक पडलंय, आतून डाग दिलाय,
डागाशेजारी पुन्हा भोक.

"आणि हे बघा."
नखाकडची बाजू दबून चपटी झालेली.
तिच्या उजव्या अंगाला ठिपके सपाट,
डावीकडचे अजून बोटाला लागतात.
त्यांनी उजव्या हातात घातलं,
झीज अंगठ्यापासून लांब गेली.
काढलं. डाव्या हातात घातलं.
झीज नेमकी अंगठ्यासमोर आली.
"डावखुरी होती बघा," त्या म्हणाल्या,
आणि हुकाकडे वळल्या.

मी पाना डाव्या हातानंच फिरवतो.
लहानपणी जेवताना हातावर उलथनं बसायचं,
ते आता कुणाला सांगत नाही.
तिनं ताट उजव्या हातानं वाढलं असेल,
हळदीकुंकू उजव्या हातानं लावलं असेल,
आणि दुपारी, दार लोटून,
डाव्या हातानं शिवत बसली असेल.
असेल. मला काय ठाऊक?
घालून पाहिलं. पहिल्या पेरावर अडकलं.

तहसीलमध्ये कारकुनानं लिहिलं,
"चांदीचे टोपण, नग एक."
"अंगुस्तान लिहा," मी म्हणालो.
त्यानं खोडलं, वर लिहिलं, मग विचारलं,
"मालक?"
मी काहीतरी बोलणार होतो.
पण रकाना अर्ध्या बोटाएवढा,
त्यात त्यानं "अज्ञात" आधीच लिहून टाकलं होतं.

व्हॉल्व्ह चार वाजता सापडला,
तीन फूट पलीकडे.
चांगला घोगरा आवाज.
दादू म्हणाला, "आता कसं!"
आणि मी पाना लावला.