साठच्या खाली

रात्री बारापर्यंत स्वयंपाकघरातल्या टेबलावर
पत्ते मांडल्यासारखी नऊ औषधांची नऊ कार्डं.
कशासाठी, किती, कशाबरोबर नको,
आणि शेवटच्या रकान्यात: केव्हा द्यायचं नाही.
तो रकाना लाल पेनानं भरला,
पेन सुकलं तेव्हा लेकाच्या मेणखडूनं.

डलुथ गावाचा उतार पहाटे काच झालेला.
खाली सरोवर गोठलेलं, धक्क्याशी खनिजाचं एक जहाज
मार्चची वाट बघत अडकून.
याच उतारावर अकरा वर्षं मी शाळेची बस चालवली,
हात कधी थरथरले नाहीत.
आज औषधांच्या खोलीत
एक कागदी कप धरवत नाही.

"मोठ्यानं वाच," थिबोडो बाई म्हणतात.
खणातून काढताना एकदा, कागदाशी ताडताना एकदा,
पाकीट फोडण्याआधी पुन्हा.
आर्व्हिड हकाला. वय एक्क्याऐंशी.
डिगॉक्सिन, शून्य पूर्णांक एक दोन पाच.
"ते टिंब बघ. एक घर सरकलं तर दहापट."

गोळी पिवळी, शर्टाच्या गुंडीहून लहान.
एका माणसाचं काळीज हिच्या धाकात राहतं,
याला कार्डावर रकाना नाही.

हकाला आजोबा जहाजाच्या इंजिनाला तेल घालायचे.
मनगटावरची पट्टी स्वतःच पुढे करतात,
नाव, जन्मतारीख, हजेरी दिल्यासारखी.
"पहिलीच खेप का?"
हो म्हणते. खोटं बोलायला
माझा पोशाख फारच कोरा आहे.

स्टेथोस्कोप गार. तळहातावर चोळते.
पूर्ण एक मिनिट, बाईंनी बजावलंय,
अर्ध्याची दुप्पट चालणार नाही.

एक. दोन. मध्येच एक ठोका रेंगाळणारा,
बसच्या पायरीवर बुटाची नाडी बांधत बसलेल्या पोरासारखा.
त्याच्यासाठी थांबते.
एकोणीस. वीस.
खिडकीबाहेर कुणी फावड्यानं बर्फ ओढतंय,
त्याची खरखर माझ्या मोजण्यात घुसू पाहते.
चोपन्न.

पुन्हा मोजते. बाई आपल्या नळ्या कानाला लावतात.
त्यांचेही चोपन्न.
काही बोलत नाहीत. माझ्याकडे बघत राहतात.

साठच्या खाली. लाल मेणखडू.
"आजोबा, ही गोळी आत्ता नाही. आधी डॉक्टरांना विचारते."
"मग एवढा खटाटोप?" ते कपात डोकावतात.

बस रिकामी झाली तरी
शेवटच्या सीटपर्यंत चालत जायचं असतं,
एखादं पोर झोपून राहिलं असेल तर.
अकरा वर्षांत एकदाच सापडलं,
कानटोपी नाकावर, तोंड उघडं.
बाकी रोज रिकाम्या सीटाच बघून आले.

कागदावर वेळ घालते, आठ वाजून बारा मिनिटं.
"दिली नाही." चोपन्नभोवती गोल. सही.
बाई चष्मा वर करतात:
नाव वाचता येत नाही, परत लिही.
आणि चल, आठ औषधं अजून बाकी आहेत.