चौथी शिट्टी

पाथर्डी फाट्याला राहायला आल्यापासून
मी या घरात तीन वेळा पूर आणला आहे.

पहिला, टाकीत सेन्सर बसवला तेव्हा.
एम. जी. रोडवरून आणलेला, एकशे ऐंशी रुपयांचा,
पाणी किती इंच चढलं ते मोबाइलवर सांगणारा.
तो सांगत राहिला : रिकामी, रिकामी, रिकामी.
पहाटे साडेपाचला खालचे खैरनार सर
टॉवेल गुंडाळून दारात.
म्हणाले, "तुमची रिकामी टाकी
आमच्या देवघरात उतरलीय."

दुसऱ्याबद्दल मी बोलत नाही.

तिसरा नळाचा.
तेव्हा मी ऑफिस सुटल्यावर रात्री रस्ट शिकत होतो,
नवी भाषा, फार कडक,
एक चूक खपवून घेत नाही.
बागूल प्लंबरने पान्हा लावला, नळच हातात आला.
"साहेब, गंज."
म्हटलं, हो, तेच शिकतोय सध्या.
त्याने माझ्याकडे पाहिलं, खुर्चीकडे पाहिलं,
"त्यात शिकायचं काय?
नुसतं बसून राहिलं की चढतो."

दिवाळीनंतरचं खूळ : घराला कान बसवणे.
मिठाच्या बरणीमागे नखाएवढा मायक्रोफोन,
शेजारी काड्यापेटीएवढा बोर्ड,
त्यात मी शिकवलेलं एक मॉडेल.
काम एकच, कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या.
तीन झाल्या की माझ्या हेडफोनमध्ये टुंग.
कारण गॅस बंद करणं माझ्याकडे असतं
आणि मी मीटिंगमध्ये असतो
आणि वरणाचा कोळसा होतो.

शिकवायला चाळीस शिट्ट्या लागल्या.
आठवडाभर आम्ही डाळच खाल्ली.
शर्वाणी म्हणाली,
"मला नाही लागत मॉडेल-बिडेल.
मी आईशी फोनवर भांडतानाही मोजते."

पहिल्या दिवशी त्याने मोजलं :
कुकर एक,
वॉचमन एक,
स्कूलबसचा ब्रेक एक.
टुंग.
गॅस बंद. डाळ कच्ची.

तेही दुरुस्त केलं.
पण रोज सव्वाअकराला एक शिट्टी उरायची,
ओट्यावर कुकर नसताना.
शिट्टी, खात्री एकसष्ट टक्के.
मी उंबरठा वाढवला (आकड्यांचा, घराचा नव्हे),
मायक्रोफोन बदलला,
पांडवलेण्यांच्या बाजूने येणाऱ्या वाऱ्यावर संशय घेतला,
मग भंगारवाल्यावर,
मग एका पक्ष्यावर, जो मी कधी पाहिलाच नव्हता.
शेवटी एका गुरुवारी हेडफोन काढून
स्वतःच ऐकायला उठलो.

गॅलरीत शर्वाणी चादर वाळत घालत होती.
ओठ गोल करून
शिट्टी वाजवत होती.
चाल ओळखू आली नाही.
वरच्या सुरावर जरा फाटायची, मग ती परत मागून घ्यायची,
पुन्हा तिथेच फाटायची.

घरात शिट्टी वाजवली की साप येतो,
असं तिच्या सटाण्याच्या आत्या म्हणायच्या,
एवढं मला ठाऊक होतं.
नऊ वर्षांत एवढंच.

कधीपासून, हे विचारलं नाही.
लॉग उघडून पाहिला : चौदा नोव्हेंबर.
म्हणजे ज्या दिवशी कान बसवला तो दिवस.
त्याआधीचं काही साठवलेलं नाही.

मग कोडमध्ये तिच्यासाठी वेगळा रकाना केला.
नाव काय द्यावं सुचेना.
अर्धा तास कर्सर लुकलुकत ठेवला,
आणि 'दोन' लिहून झोपलो.

आज पुन्हा दाराआड उभा होतो,
हेडफोन गळ्यात.
ती तीच चाल, त्याच फाटक्या जागेपर्यंत आली होती,
आणि आज तिथून पुढे गेली.
तेवढ्यात कसला तरी वास आला.
टुंग झालं असेल, गळ्यात कुठून ऐकू येणार.

तिने मागे वळून पाहिलं नाही.
दोरीवरचा चिमटा दातात धरून
म्हणाली, "सहा झाल्या."