फॉर्म क्रमांक ८३

सव्वासातला दांडिया बाजारातून स्कूटी काढते.
पिशवीत पन्नास कोरे फॉर्म, आईचे थेपले,
आणि जोशीपुरा मॅडमची ताकीद :
नमुना यादृच्छिक हवा, चेहरा बघून माणूस निवडू नकोस.

फतेगंजच्या पुलाखाली, कडिया नाक्यावर,
चेहरे सोडून निवडण्यासारखं फारसं काही नसतं.
थाप्या, टोपल्या, एखादा ओळंबा,
दाहोदहून रात्रीच्या बसनं उतरलेली बिऱ्हाडं,
खांबाला बांधलेली झोळी, आत कुणीतरी झोपलेलं.

पुस्तकात हा बाजार म्हणजे दोन रेषा.
एक चढते, एक उतरते,
छेदतात तिथे मजुरी ठरते.
एम.ए.ची दोन सत्रं मी त्या छेदाजवळ काढली.
तिथे कुणी तंबाखू मळत नव्हतं.

प्रश्न सातवा : कमीत कमी किती मिळाले तर काम घ्याल?
साडेसातला उत्तर येतं, सहाशे.
नऊला साडेचारशे.
दहानंतर लोक आकडा सांगत नाहीत,
माझ्या बुटांकडे बघतात.
शास्त्रात हिचं नाव राखीव मजुरी.
तिच्याखाली माणूस घरी बसणं पसंत करतो म्हणे.
घर इथून दीडशे किलोमीटर.

आलेख मात्र देखणा आला होता,
जिना उतरावा तसा, पायरीपायरीनं.

मग रेवलीबेन.
हनुवटीवर तीन टिंबांचं गोंदण,
सातव्या प्रश्नाला सहाशे, ठणठणीत.
चौदाव्याला थांबली :
गेल्या तीस दिवसांत काम किती दिवस?
तिच्याकडे तारखा नव्हत्या.
अलकापुरीतली वाळू, चार दिवस.
मग पोराचा ताप. मग एक स्लॅब.
मग तो मुकादम, ज्यानं निम्मेच दिले,
तो दिवस धरायचा की अर्धा धरायचा?
मी म्हटलं, सूचनेत बघते.

मी सूचनेत बघत होते
तेव्हा टेम्पो आला.
सहा बाया, फक्त सहा, असा ओरडला आणि भरून गेला.
रेवलीबेनचा अंगठा अजून मधल्या पेरावर.
तिनं टेम्पोकडे पाहिलं, मग माझ्या पेनाकडे.
"लख ने, बेन," ती म्हणाली,
"आजे काम नथी मळ्युं."

मी पर्स उघडली. तिनं नको म्हटलं नाही.
म्हणाली, सहाशे सांगितले होते ना,
पण आता सव्वादहा झालेत, चारशे दे.
माझ्याकडे तीनशे चाळीस निघाले.
तिनं मोजून घेतले,
उरलेल्या साठांचे थेपले घेतले,
डबा पुसून परत दिला.

मॅडम म्हणाल्या, पैसे दिलेस? मग तो फॉर्म बाद.
बाबांनी विचारलं, थेपले किती होते?
नऊ, म्हटलं.
मग तिनं बरोबर भाव लावला, म्हणाले,
आणि पेपर उलटला.
मकरपुऱ्यातलं त्यांचं लेथ बंद पडून दोन वर्षं झाली.
काम शोधत नाहीत, म्हणून ते बेकार नाहीत.
व्याख्या मला तोंडपाठ आहे,
घरी मोठ्यानं म्हणत नाही.

रात्री आकडे भरते.
उत्तर नसलं की संगणक तिथे टिंब ठेवतो.
त्र्याऐंशीव्या ओळीत चौदापासून पुढे नुसती टिंबं,
गोंदल्यासारखी.
मला ती पुसता येतात, एक कळ दाबली की झालं.

फक्त शेवटचा रकाना अडलाय :
त्या दिवशी काम मिळालं का?
नाही म्हणजे शून्य, होय म्हणजे एक.
एक लिहिलं तर पुढचे रकाने उघडतात.
कामाचं स्वरूप : बोलणं, आठवणं.
वेळ : पाऊण तास, उभ्यानं.
मजुरी : तीनशे चाळीस, अधिक नऊ थेपले.
मालकाचा व्यवसाय :